गोठ्यातल्या दोन गोचिडी

यावल तालुक्यातल्या एका तरुण दूध उत्पादकाचा प्रश्न आहे. सहा एचएफ संकरित गाई, केळीच्या बागेला लागून गोठा, भिंती जुन्या मातीच्या. गेल्या पावसाळ्यात चांगलं दूध देणारी गाय तापाने चार दिवसांत गेली, यंदा कालवड गेली. गोचिडीचं औषध दर आठवड्याला फवारतो, तरी गोचीड हटत नाही. जहाल औषध कोणतं, लस आहे का, आणि घरात लहान मुलं आहेत तर माणसांना यातून काही होतं का, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, औषधाकडे नंतर येऊ. दर आठवड्याला फवारून गोचीड जात नसेल तर आणखी जहाल बाटली आणून उपयोग नाही. आधी तुमच्या गोठ्यात कोणती गोचीड आहे ते पाहू. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे गाईवर मुख्यतः दोन जातींच्या गोचिडी सापडतात. दोघींचं आयुष्य वेगळं, राहायची जागा वेगळी, त्या पसरवतात ते आजारही वेगळे. औषध विकणारा दोघींना मिळून एकच बाटली देतो, तिथून घोळ सुरू होतो.

पहिली रिपिसेफॅलस मायक्रोप्लस, जुन्या पुस्तकांत बूफिलस. अंगाने लहान, तोंड आखूड, पाय फिके. रक्त पिऊन फुगली की राखाडी-निळसर, घेवड्याच्या दाण्याएवढी होते. मान, पोळी, पोट, कास आणि मांडीच्या आत चिकटलेली असते. दुसरी हायलोमा ॲनाटोलिकम. रंग तपकिरी, तोंड लांब, पायांवर फिकट पट्टे आणि पळायला चपळ. ही कासेजवळ, शेपटीखाली आणि कानात सापडते. संध्याकाळी बॅटरी घेऊन भिंतीच्या भेगा बघा. तपकिरी, पट्टेरी पायांची गोचीड तिथे दिसली की तुमच्या गाई गेल्याचं कारण बहुधा तिथेच आहे.

बहुधा म्हणतो, कारण रक्तकाच, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, तपासल्याशिवाय नक्की कुणीच सांगू नये. पण चार दिवसांत गेलेली संकरित गाय, जोरदार ताप आणि पावसाळा हे तिन्ही जुळले की माझं पहिलं लक्ष थायलेरियाकडे, म्हणजे गोचिडीतून गाईच्या रक्तात शिरणाऱ्या सूक्ष्म जंतूच्या आजाराकडे जातं.

मायक्रोप्लसच्या पिल्लाला सहा पाय असतात. ते एकदा गाईवर चढलं की तिन्ही अवस्था त्याच गाईवर पूर्ण करतं. साधारण तीन आठवड्यांत मादी फुगते, खाली पडते, शेण-पाल्यात किंवा ढेकळाखाली दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून निघालेली पिल्लं गवताच्या टोकावर चढून गाईची वाट पाहतात. न खाता ती काही महिने जगू शकतात. हिला ओल लागते. वैशाखात भुसावळकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा उघड्या रानातली अंडी वाळून जातात. केळीच्या पट्ट्यात मात्र बारा महिने ठिबक, सावली आणि ओला पाला असतो. म्हणून अमळनेर-पारोळ्याच्या कोरड्या गोठ्यापेक्षा रावेर-यावलच्या गोठ्यात हिचा त्रास जास्त दिसतो.

हायलोमाचं तसं नाही. ती एका जनावरावर मुक्काम ठोकत नाही. लहान अवस्थेत रक्त पिते, उतरते, भिंतीच्या भेगेत, गव्हाणीखाली किंवा लाकडी खांबाच्या फटीत जाऊन कात टाकते, मोठी होऊन पुन्हा कुणावर तरी चढते. कोरडं हवामान तिला चालतं. आयुष्याचे बहुतेक दिवस ती गाईवर नसतेच. तुम्ही गाय धुऊन काढता, त्या वेळी तिची बहुतेक फौज भिंतीत सुरक्षित बसलेली असते. दर आठवड्याची तुमची फवारणी फुकट जाते ती यामुळे.

गोचिडीमुळे आजार होतो हे ठरायला माणसाला बराच वेळ लागला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत दक्षिणेकडचे कळप उत्तरेला नेले की ज्या रस्त्याने ते जात तिथल्या गाई लाल लघवी करून मरत. दक्षिणेकडची जनावरं मात्र ठणठणीत असत. गुराखी म्हणत होते की हे गोचिडीचं काम आहे, शिकलेली मंडळी हसत होती. १८८९ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी वॉशिंग्टनजवळच्या सरकारी प्रयोगक्षेत्रात साधी मांडणी केली. एका कुंपणात गोचिडी असलेल्या दक्षिणी गाई उत्तरेकडच्या गाईंबरोबर ठेवल्या. दुसऱ्या कुंपणात दक्षिणी गाईंच्या अंगावरची एकूणएक गोचीड हाताने वेचून मग त्या ठेवल्या. तिसऱ्यात दक्षिणी गाय ठेवलीच नाही, नुसत्या गोचिडी सोडल्या. पहिल्या आणि तिसऱ्या कुंपणातल्या उत्तरेकडच्या गाई आजारी पडल्या, दुसऱ्यातल्या नाहीत. पुढे अंड्यांतून नुकती निघालेली, कधीच रक्त न प्यायलेली पिल्लं निरोगी गाईवर सोडली, तरी आजार झाला. म्हणजे रोग आईकडून अंड्यात आणि अंड्यातून पिल्लात उतरत होता. १८९३ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. एखादा किडा सस्तन प्राण्यात रोगजंतू पोहोचवतो याचा इतका भक्कम पुरावा त्याआधी क्वचितच कुणी दिला होता. डासातून मलेरिया पसरतो हे रॉस यांनी दाखवलं ते त्यानंतर.

तो आजार बबेसिया, म्हणजे आपल्याकडची लाल लघवी. तो मायक्रोप्लसमधून येतो आणि अंड्यातून पुढच्या पिढीत जातो. थायलेरिया मात्र अंड्यात जात नाही. हायलोमाचं अंड्यातून निघालेलं पिल्लू स्वच्छ असतं. ते आजारातून उठलेल्या, वरून निरोगी दिसणाऱ्या गाईचं रक्त पितं, तेव्हा जंतू त्याच्यात शिरतात. मग ते भिंतीत जाऊन कात टाकतं, आणि मोठी झालेली गोचीड दुसऱ्या गाईला चावते तेव्हा आजार पुढे जातो. या दोन चाव्यांच्या मधला मुक्काम तुमच्या भिंतीत असतो. साखळी तोडायला याहून सोपी जागा नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. गोचिडीच्या लाळग्रंथीतला थायलेरिया चावल्या क्षणी तयार नसतो. ती चिकटून रक्त प्यायला लागल्यावर दोन-तीन दिवसांत तो पक्व होतो आणि मग गाईत उतरतो. म्हणून रोज संध्याकाळी कास, शेपटीखालची जागा आणि कान चाचपून गोचिडी काढण्याचं जुन्या बायाबापड्यांचं काम मला फवारणीइतकंच मोलाचं वाटतं. आता मजूर मिळत नाही, हे खरं आहे. पण दूध काढताना कासेवर हात फिरतोच.

गाईत उतरलेला थायलेरिया पांढऱ्या पेशीत शिरतो आणि ती पेशी कर्करोगासारखी वाढत राहील अशी व्यवस्था करतो. पेशी दुभंगली की तोही दुभंगतो. त्यामुळे पहिली खूण गाठीची असते. खांद्यापुढची लसिकाग्रंथी लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी होते. ताप १०४ ते १०७ अंशांपर्यंत जातो, दूध एका वेळेत निम्म्यावर येतं, डोळ्यांतून पाणी येतं, श्वास वाढतो. पुढे डोळ्यांची आतली बाजू पांढुरकी, मग पिवळी पडते. फोन येतो तो बहुतेक वेळा असा: 'डाक्टर, गायनी चारा सोडी दिधा.' तोवर दोन दिवस गेलेले असतात. यावर बुपार्व्हाक्वोन हे औषध आहे. दर किलो वजनाला अडीच मिलिग्रॅम, स्नायूत. गाठ आणि ताप एवढंच असताना दिलं तर गाय सहसा उठते. रक्त संपल्यावर दिलं तर जंतू मरतात, पण गाय वाचेलच असं नाही. तुमची गाय चौथ्या दिवशी गेली. तिला पहिले दोन दिवस नुसतं तापाचं इंजेक्शन आणि सलाईन मिळालं असेल, तर तसं होणं नवल नाही.

लाल लघवी दिसली तर औषध वेगळं. बबेसियासाठी डायमिनाझीन, कधी इमिडोकार्ब. तिसरा आजार ॲनाप्लाझ्मा. त्यात गाय पिवळी पडते, शेण घट्ट होतं, पण लघवी लाल होत नाही. त्याला ऑक्सिटेट्रासायक्लिन चालतं. या तिन्ही आजारांत ताप आणि अशक्तपणा सारखाच असतो, त्यामुळे वरून बघून अंदाज चुकतो. औषध देण्याआधी कानाच्या टोकाचा एक थेंब काचेवर पसरून ती काच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात द्या. गाठ सुजली असेल तर तिच्यातलं पाणीही सुईने घ्यायला सांगा. लवकरच्या दिवसांत रक्तापेक्षा गाठीत जंतू आधी सापडतो. आधी इंजेक्शन आणि मग काच, हा उलटा क्रम आपल्याकडे फार चालतो.

आता लस. थायलेरियाची लस आपल्याकडे आहे, रक्षावॅक-टी नावाने. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवून जोर घालवलेले जंतू तिच्यात असतात. ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, म्हणून मेडिकलच्या फ्रिजमध्ये मिळत नाही. आगाऊ मागणी करून, दहा-वीस शेतकऱ्यांनी मिळून आणली तर परवडते. संकरित कालवडी असतील तर मी ती द्या असंच सांगतो. गाभण गाय असेल तर टोचण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. ही लस गोचिडीला रोखत नाही आणि बबेसियापासून वाचवत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

खुद्द गोचिडीविरुद्धचीही लस निघाली. गोचिडीच्या आतड्यातलं बीएम८६ नावाचं प्रथिन गाईला टोचायचं, गाय त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते, गोचीड रक्त पिते तेव्हा ती प्रतिपिंडं तिच्या आतड्यावरच हल्ला करतात. १९९३ मध्ये क्युबात गॅव्हॅक आणि १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात टिकगार्ड या नावांनी ती बाजारात आली. ती मुख्यतः मायक्रोप्लससाठी. गोचीड तिथल्या तिथे गळून पडत नाही, तिची अंडी कमी होतात आणि पुढच्या पिढ्या आटतात. शेतकऱ्याला आज टोचलं की उद्या गाय स्वच्छ हवी असते, त्यामुळे अशा लसीला गिऱ्हाईक मिळणं अवघड जातं. शिवाय जगभरच्या गोचिडींत हे प्रथिन थोडं थोडं वेगळं असतं, म्हणून इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत इथल्या गोचिडींवर वेगळं काम चालतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने एमआरएनए पद्धतीची लस गिनीपिगवर वापरली, तेव्हा गोचिडी नीट रक्त पिण्याआधीच सुटू लागल्या. पण ती तिकडे माणसांत लाइम नावाचा आजार पसरवणारी गोचीड, आपली नव्हे. आपल्या गोठ्यात यातलं काही यायला वेळ आहे.

औषधांचं सांगतो. सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन या एकाच घराण्याच्या औषधांना देशाच्या बऱ्याच भागांत मायक्रोप्लस दाद देत नाही. तिच्या मज्जातंतूतल्या ज्या जागी औषध बसायचं ती जागाच बदललेली आढळते. हे आपणच घडवलं आहे. बाटलीवर लिहिल्यापेक्षा पातळ करायचं, पाठीवर दोन झोत मारायचे, पोट-कास-शेपटी कोरडी ठेवायची, वाचलेल्या गोचिडींवर आठवड्याने पुन्हा तेच मारायचं. प्रत्येक वेळी सगळ्यात चिवट गोचिडी उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. तुमच्याकडच्या बाटलीवरचं रासायनिक नाव वाचा. ते 'मेथ्रिन'ने संपत असेल तर या पावसाळ्यात ॲमिट्राझवर या. साडेबारा टक्क्यांचं असेल तर लिटरला दोन मिली, अंगावरून ओघळेपर्यंत, कानांच्या मागे आणि कासेच्या घडीतही. दर आठवड्याला नको, पंधरा ते वीस दिवसांनी. त्याच दिवशी भिंतीही. माणसाच्या उंचीपर्यंत, भेगा भरून निघतील असं. गाईंना आधी पाणी पाजा, उन्हात मारू नका, तोंडाला फडकं बांधा. घोडा असेल तर ॲमिट्राझ त्याच्या जवळही नेऊ नका. सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी आणणाऱ्यांना हे मुद्दाम सांगावं लागतं.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सोपं म्हणून लोकप्रिय आहे. त्वचेवर तीन आठवडे राहणाऱ्या मायक्रोप्लसवर ते चालतं, येऊन-जाऊन असणाऱ्या हायलोमावर कमी. ते दुधात उतरतं, त्यामुळे दुभत्या गाईला मी देत नाही.

कपाशीवरचं औषध मात्र कधीच नाही. हे खान्देशात सांगावंच लागतं. पावसाळ्यात घरात कीटकनाशकाचा डबा पडलेला असतो, पंप भरलेला असतो, आणि कुणीतरी त्याच पंपाने बैल धुऊन काढतो. तासाभरात तोंडातून लाळेच्या तारा, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी, थरथर आणि मग जनावर आडवं. ॲट्रोपिन हा उतारा वेळेत मिळाला तर वाचतं. तणनाशकाचा पंप नुसता खळबळून गाईवर वापरणं हेही त्याच जातीचं. जळकं ऑइल आणि रॉकेल कातडी भाजतं, गोचीड मात्र बऱ्याचदा तशीच राहते.

झाडपाल्याबद्दल विचारतात. लसूण, कडुनिंबाचा पाला आणि निंबोळ्या, वेखंड, हळद, तुळस, घाणेरीचा पाला यांचं मिश्रण राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सुचवतं. थोड्या गोचिडी असतील आणि दूध डेअरीला जात असेल तर मीही ते सांगतो. गोठा भरलेला असेल तर त्याच्यावर भिस्त ठेवू नका. घाणेरी फक्त अंगावर लावायची. पोटात गेली तर यकृत बिघडवते.

भिंतींसाठी खर्च करा, औषधाच्या बाटल्यांपेक्षा तो आधी वसूल होतो. मातीच्या भिंती सिमेंटने किंवा निदान चिकणमाती-शेणाच्या घट्ट गिलाव्याने भरा. गव्हाणीखालचे सुटे दगड, जुनी लाकडं, पोती बाहेर काढा. गॅसच्या ज्वालेने भेगा भाजणारे लोक आहेत, काम चांगलं होतं, पण शेजारी कडब्याची गंजी असताना हा उद्योग नको. भिंत भाजली की चुना लावा. कोंबड्या गोठ्यात फिरत असतील तर फिरू द्या, त्या गोचिडी टिपतात. फवारणीनंतर मात्र भिंती वाळेपर्यंत त्यांना कोंडा.

शेजारच्या निमाडी गाईला काही होत नाही, माझ्याच गाई का मरतात, हेही बरेच जण विचारतात. देशी गाईची कातडी आणि रक्त गोचिडीला लवकर विरोध करतं, तिच्यावर गोचिडी कमी टिकतात, आणि थायलेरिया झाला तरी ती सहसा तग धरते. ऑस्ट्रेलियाने गोचिडीला कंटाळून भारतीय वंशाच्या गाईचं रक्त आपल्या कळपात मुद्दाम आणलं. आपण दुधासाठी उलटी वाट धरली. दुधाचा हिशेब बघता तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ती निमाडी गाय तुमच्या गोठ्यात बांधत असाल तर तिच्या रक्तात थायलेरिया असू शकतो आणि तिची गोचीड तो तुमच्या एचएफला देऊ शकते. दावणी वेगळ्या ठेवा.

माणसांचं. तुमच्या भिंतीतली हायलोमा हीच काँगो तापाचीही वाहक. २०११ च्या जानेवारीत अहमदाबाद जिल्ह्यात या आजाराचे देशातले पहिले रुग्ण पक्के झाले, तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झाली. गुजरात नंदुरबारला लागून आहे आणि गुरांचा बाजार सीमा पाळत नाही. या विषाणूने जनावर आजारी दिसत नाही, माणूस मात्र रक्तस्रावाने दगावू शकतो. हा आजार दुर्मीळ आहे, घाबरून गोठा विकू नका. पण गोचीड नखाने चिरडायची सवय आजच सोडा. ठेलारी आणि धनगर वाड्यांवर ती दातांनी फोडणारेही मी पाहिले आहेत. हातात प्लास्टिकची पिशवी घाला, काढलेली गोचीड साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाका. मुलाच्या अंगाला चिकटली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. विडीचा चटका किंवा रॉकेल लावू नका. त्यानंतर दोन आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं स्वतःहून सांगा. गोचिडीमुळे येणारा टायफस डॉक्सिसायक्लिनने लवकर आटोक्यात येतो, पण तिथवर विचार जायला हवा. २०१८ मध्ये नागपूरकडे गाजलेला स्क्रब टायफस वेगळा, तो गवतातल्या अगदी बारीक चिगर किड्याचा. सिंधुदुर्गात २०१६ मध्ये आलेला माकडतापही वेगळ्या, जंगलातल्या गोचिडीचा.

लम्पीबद्दलही भीती आहे. २०२२ च्या साथीत राज्यातली सुरुवात तुमच्या शेजारच्या रावेर तालुक्यातूनच झाली. तो मुख्यतः चावणाऱ्या माश्या आणि डासांनी पसरतो. गोचिडीतून तो जाऊ शकतो असं प्रयोगांत दिसलं आहे, पण नुसत्या गोचिडी काढून लम्पी थांबणार नाही. त्याची लस वेगळी, ती चुकवू नका.

आता गेलेल्या गाईच्या जागी तुम्ही नवी आणणार. सावद्याच्या किंवा वरखेडीच्या बाजारातून आणा नाहीतर संगमनेरकडून, उतरवल्याबरोबर दावणीला बांधू नका. तीन आठवडे वेगळ्या जागी ठेवा. मायक्रोप्लसचा गाईवरचा मुक्काम तेवढाच, आणि रक्तात लपलेला थायलेरिया-बबेसियाही बहुधा तेवढ्यात तोंड वर काढतो. पहिल्या दिवशी फवारणी, रोज सकाळी थर्मामीटर, आणि ताप १०३ च्या वर गेला की त्याच दिवशी रक्तकाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये खरेदी केलीत तर उत्तम, कारण पावसाळ्याआधी लस, गिलावा आणि भिंतीची फवारणी हे तिन्ही उरकायला वेळ मिळतो.